पिसाची ओळख : डॉ. सलीम अली यांचे चरित्र

नागपूर आणि वर्धा यांच्या दरम्यान लोहमार्गावर वसलेल्या आपल्या सिंदी गावात थंडी पडू लागली, तुरीला फुलोरा आला आणि कापसाची वेचणी सुरू झाली, की दूरदेशीचे पाहुणे आकाशमार्गाने विदर्भात उतरू लागतात. हे पाहुणे म्हणजे हिमालयापलीकडून येणारी नाना जातींची बदके व हंस होत. मोठ्या तलावांच्या काठी त्यांचे थवे चरत असतात. माणसाची चाहूल लागताच पक्षी उडून जातो. परंतु एखादे वेळी त्याचे एक पीस मागे चिखलात पडून राहते. असे वीतभराहून लांब, राखी रंगाचे, टोकाशी काळे पीस कोणा मुलास दिसले, तर ते कोणत्या पक्ष्याचे म्हणून समजावे? गावात कोणी ते बगळ्याचे म्हणेल, कोणी बदकाचे, कोणी करकोच्याचे, तर एखादे वृद्ध गृहस्थ ते खास राजहंसाचे आहे असे ठासून सांगतील. चौघांची उत्तरे चार; त्यांतील खरे कोणते, हे कोणी व कसे ठरवावे?

प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. एका पिसाचे नाव कळले वा न कळले, तरी कोणाचे पोट भरत नाही व कोणास नोकरी लागत नाही. तथापि अशाच एका क्षुल्लक प्रश्नापासून आरंभ करून आपल्या महाराष्ट्रात जन्मलेल्या एका पुरुषाने जवळजवळ सारे आयुष्य त्याच्या उत्तरासाठी वेचले, आणि आज भारतातील पक्ष्यांविषयी जे निश्चित ज्ञान आपणांस आहे त्याचा फार मोठा भाग त्यांच्या श्रमांतून आलेला आहे. ते पुरुष म्हणजे डॉ. सलीम अली होत. त्यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगणार आहो.

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म मुंबईत दिनांक १२ नोव्हेंबर १८९६ रोजी झाला. नऊ भावंडांत ते सर्वांत धाकटे. वर्षाचे असताना त्यांचे पितृछत्र हरपले आणि तीन वर्षांचे असताना मातोश्रीही निवर्तल्या. अशा पोरक्या झालेल्या मुलांस त्यांचे मामा अमिरुद्दीन तय्यबजी व मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीतील आपल्या घरी नेऊन पोटच्या मुलांप्रमाणे वाढविले. या दांपत्यास स्वतःचे मूल नव्हते. मामांस शिकारीचा मोठा नाद. भाच्यासही तोच नाद लागला. हाती एक छऱ्यांची हवाई बंदूक आली आणि आपण मोठेपणी नामांकित शिकारी व्हावे, याहून निराळी महत्त्वाकांक्षा त्या बालकाच्या मनात उरली नाही.

सलीम दहा-बारा वर्षांचे असताना एके दिवशी त्यांनी नेमाप्रमाणे एक चिमणी पाडली. हाती घेऊन पाहतात तो तिच्या गळ्यावर हळदीचे बोट लागावे तसा पिवळा ठिपका! नेहमीच्या घरचिमणीस असा ठिपका नसतो. मग ही कोण? त्यांचे घराणे मुसलमान असल्यामुळे हा अनोळखी पक्षी खाण्यास योग्य आहे की नाही, अशीही शंका मनात आली. मुलाने चिमणी मामांपुढे नेली. मामांस तिचे नाव ठाऊक नव्हते. परंतु त्यांनी काही तरी नाव ठोकून देऊन मुलाची बोळवण केली नाही, की त्यास गप्पही बसविले नाही. त्यांनी मुंबईच्या कोट भागातील बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे मानद चिटणीस डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्या नावे पत्र दिले आणि मुलास चिमणीसह त्यांच्याकडे पाठविले. आमच्या पालकवर्गाचे लक्ष आम्ही या प्रसंगाकडे मुद्दाम वेधू इच्छितो. वडील माणसाने आपणास ठाऊक नसलेली गोष्ट ठाऊक नाही असे म्हणून मुलास जाणत्याच्या दाराशी पोहोचवावे, यात त्याच्या वडीलपणास कोणताही कमीपणा येत नाही. त्या दिवशी मामा केवळ अंदाजाने बोलले असते, तर कदाचित भारत एका थोर शास्त्रज्ञास मुकला असता.

ही सोसायटी १८८३ साली स्थापन झालेली. साहेबांची कचेरी म्हटली की त्या काळच्या हिंदी मुलाच्या छातीत धडकी भरे. सलीमही भीत भीतच आत शिरले. परंतु मिलार्ड साहेबांनी त्यांचे प्रेमाने स्वागत केले. चिमणी पाहताच ती पीतकंठी रानचिमणी होय, असे त्यांनी सांगितले. आणि नुसते सांगून न थांबता, पेंढा भरलेल्या पक्ष्यांनी भरलेली कपाटे उघडून एकामागून एक खण मुलापुढे मांडले. प्रत्येक पक्ष्याच्या पायास एक चिठ्ठी बांधलेली होती. तो कोठे मिळाला, कोणत्या दिवशी मिळाला, नर की मादी, आणि कोणी मिळविला, एवढे त्या चिठ्ठीवर लिहिलेले असे. मुलाने आपली चिमणी त्या चिमण्यांशेजारी ठेवून पाहिली, आणि ओळख पटली. पक्ष्याचे नाव तर्काने ठरत नाही. खऱ्या नोंदीच्या नमुन्याशी ताडून पाहिल्याने ठरते, हा शास्त्राचा पहिला धडा त्यांस त्या खणापुढे मिळाला. पुढे त्याच संस्थेत पक्ष्याचे कातडे सोलणे, ते टिकविणे आणि चिठ्ठी बिनचूक लिहिणे हे काम ते शिकले. मिलार्ड साहेबांनी वाचावयास पुस्तकेही दिली. शिकारी होऊ पाहणारा मुलगा अभ्यासक होण्याच्या मार्गास लागला.

शाळेतील प्रगती मात्र बेताचीच होती. त्यांचे आरंभीचे शिक्षण दोन बहिणींसमवेत गिरगावातील झनाना बायबल मेडिकल मिशनच्या मुलींच्या शाळेत आणि पुढे सेंट झेव्हियर्समध्ये झाले. तेराव्या वर्षाच्या सुमारास त्यांस डोकेदुखीचा विकार जडला, वरचेवर शाळा बुडू लागली, आणि कोरडी हवा मानवेल म्हणून त्यांस सिंध प्रांतात एका नातलगाकडे ठेवावे लागले. १९१३ साली ते मॅट्रिकची परीक्षा कसेबसे उत्तीर्ण झाले. महाविद्यालयात पहिल्या वर्षानंतर मन रमेना, तेव्हा ब्रह्मदेशात तेनासरीम भागात कुटुंबाचा खाणीचा व लाकडाचा व्यवसाय होता तेथे ते गेले. धंद्यात लाभ झाला नाही. पण तेथील घनदाट अरण्यात पक्षिनिरीक्षणाची हौस पुरेपूर भागली. १९१७ साली मुंबईस परतल्यावर त्यांनी व्यापारी कायदा व हिशेब यांचे शिक्षण घेण्यास प्रारंभ केला. त्या वेळी सेंट झेव्हियर्स महाविद्यालयातील फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांनी या तरुणाचा खरा ओढा ओळखला. हे जेझुइट धर्मगुरू स्वतः नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ होते. त्यांच्या आग्रहावरून सलीम यांनी प्राणिशास्त्राचा अभ्यासक्रम पुरा केला. १९१८ साली तेहमिना बेगम यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

यापुढील दहा-बारा वर्षे म्हणजे आशा आणि निराशा यांची पाठशिवणी होय. सरकारी प्राणिसर्वेक्षण खात्यात पक्षिशास्त्रज्ञाची जागा होती. परंतु विद्यापीठाची पदवी नसल्यामुळे ती त्यांस मिळाली नाही. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात नव्याने उघडलेल्या प्राणिविभागात दरमहा ३५० रुपये वेतनावर मार्गदर्शक व्याख्याता म्हणून त्यांची नेमणूक झाली. आपले ज्ञान अपुरे आहे, ही जाणीव मात्र त्यांस बोचत होती. यास्तव १९२८ साली रजा घेऊन ते जर्मनीस गेले आणि बर्लिन विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र-संग्रहालयात प्राध्यापक एर्विन स्ट्रेसेमान यांच्या हाताखाली शिकू लागले. हेलिगोलँड बेटावर पक्ष्यांच्या पायांत कडी अडकवून त्यांच्या प्रवासाचा माग काढण्याची विद्या त्यांनी प्रत्यक्ष पाहिली. १९३० साली मायदेशी परतून पाहतात तो पैशाच्या टंचाईमुळे त्यांची जागाच रद्द झालेली! घरी पत्नी, हाती नोकरी नाही आणि पदरी पदवीही नाही.

अशा प्रसंगी दुसरा कोणी खचून गेला असता. सलीम अली पत्नीसह अलिबागेजवळ समुद्रकाठच्या किहीम गावी राहावयास गेले. घराजवळच्या झाडांवर सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. पावसाळाभर बसून त्यांनी त्या पक्ष्यांचा एक एक दिवसाचा व्यवहार टिपून ठेवला. सुगरणीचा खोपा आपल्या बहिणाबाई चौधरींच्या काव्यामुळे घरोघरी ठाऊक आहे. पण तो विणतो कोण, हे पुष्कळांस ठाऊक नसते. खोपा नर विणतो. तो अर्धा झाला की मादी येऊन त्याची पाहणी करते. पसंत पडला तर तेथे संसार मांडते, आणि नर तो खोपा पुरा करून दुसरा विणावयास घेतो व दुसऱ्या मादीची वाट पाहतो. हा शोध १९३१ साली प्रसिद्ध झाला. नोकरी गेल्यामुळे जो रिकामा वेळ मिळाला, त्याचेच त्यांनी सोने केले.

याच काळातील एक प्रसंग प्रस्तुत विषयाशी अगदी निगडित आहे. आपल्या ताडोबा-नवेगावच्या रानांत भृंगराज नावाचा काळाभोर पक्षी आढळतो. तो कोतवालाचाच मोठा भाऊबंद. त्याच्या शेपटीची बाहेरची दोन पिसे तारेसारखी लांब वाढतात आणि तारेच्या टोकाशी पानासारखा एक पल्लव असतो. या पल्लवाच्या ठिकाणी दांड्याच्या आतल्या बाजूची किनार नसते, केवळ बाहेरची असते, असे ग्रंथांतरी लिहिले जात होते. ह्यू व्हिसलर या इंग्रज पक्षिशास्त्रज्ञांनी आपल्या लेखमालेत तेच पुन्हा लिहिले. सलीम अली यांनी पीस हाती घेऊन नीट न्याहाळले आणि सोसायटीच्या नियतकालिकास कळविले, की वस्तुस्थिती याच्या उलट आहे. पल्लवाच्या किंचित वर पिसाच्या दांड्यास पीळ पडलेला असतो, त्यामुळे आतली किनार बाहेरची भासते. जुन्या ग्रंथातील चूक नवे ग्रंथकार न पाहता उतरून घेत आले होते. एका अपरिचित हिंदी तरुणाने आपला दोष दाखवावा याचा व्हिसलर यांस प्रथम फार राग आला, आणि त्यांनी संपादकांस कडक पत्रे लिहिली. परंतु पुढे त्यांनी आपल्याकडील नमुने पुन्हा तपासले, तेव्हा दांड्यातील पीळ त्यांसही दिसला. त्यांनी चूक मोकळेपणाने मान्य केली आणि ते सलीम अली यांचे जिवलग स्नेही झाले. हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांच्या पाहणीपासून पुढील कामांत त्यांनी सलीम अली यांस मनःपूर्वक साहाय्य केले. पिसाने ग्रंथास खोटे पाडले, आणि ग्रंथकाराने पिसाचे ऐकले. दोघांचाही मोठेपणा यात दिसून येतो.

१९३१ पासून सलीम अली यांनी संस्थानिकांपुढे एक योजना मांडली. प्रवासाचा व मुक्कामाचा खर्च संस्थानाने द्यावा, आपण विनावेतन तेथील पक्ष्यांची पाहणी करून देऊ. हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ अशा अनेक संस्थानांत त्यांनी तंबू ठोकले. बैलगाडी, पायवाट, हिवताप, जळवा यांची तमा न बाळगता तेहमिना बेगम या त्यांच्यासवे रानावनांत राहिल्या. विलायतेत शिकलेल्या या सुखवस्तु घरच्या स्त्रीने पतीचे वेड आपलेसे केले. १९३९ साली एका साध्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचे अकस्मात निधन झाले. या आघाताने सलीम अली खोल घायाळ झाले. पुढे ते आपली बहीण कामू व मेहुणे हसन अली यांच्या आश्रयास राहिले आणि दुःखाचे ओझे त्यांनी कामात बुडविले. १९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील सचित्र पुस्तक प्रसिद्ध झाले. सामान्य वाचकास पक्ष्याचे नाव स्वतः शोधून काढता यावे, असे हे पुस्तक. त्याच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या.

१९४५ साली ते कैलास व मानससरोवराच्या यात्रेस गेले. मात्र ही यात्रा पक्ष्यांसाठी होती. आमच्या वाचकांस ठाऊकच असेल, की नागपूरजवळच्या रामटेकशी ज्याचा संबंध परंपरेने जोडला जातो, त्या मेघदूत काव्यात पावसाळा येताच राजहंस मानसाकडे निघतात असे वर्णन आहे. शास्त्रीय निरीक्षण सांगते, की आपल्याकडे हिवाळा घालविणारे रानहंस मृगाच्या बरेच आधी, फाल्गुन-चैत्रातच उत्तरेस परततात. मात्र दिशा कवीने अचूक सांगितली. ज्याच्या पांढऱ्या मस्तकावर मागच्या बाजूस दोन काळे पट्टे असतात, तो पट्टकादंब नावाचा रानहंस तिबेट, लडाख व मंगोलिया येथील सरोवरांकाठीच अंडी घालतो आणि हिवाळ्यात हिमालय ओलांडून भारतात उतरतो. त्याच्या पाठीवर बसविलेल्या यंत्रांच्या आधारे या प्रवासात ७,००० मीटरांहून अधिक उंचीची नोंद झालेली आहे. ज्या उंचीवर मनुष्य श्वासासाठी तळमळतो, तेथे हा पक्षी पंख मारीत जातो. कारण त्याच्या रक्तातील तांबडे द्रव्य विरळ हवेतूनही प्राणवायू घट्ट धरून ठेवते.

आता आरंभी सांगितलेल्या पिसाकडे वळू. ते जर हंसाचे असेल, तर ओळखावे कसे? प्रथम आकार पाहावा. मधल्या दांड्याच्या एका बाजूची किनार अरुंद व दुसरी रुंद असेल, तर ते पंखाच्या टोकाकडील उड्डाणाचे पीस होय; दोन्ही किनारी सारख्या असतील तर ते बहुधा शेपटीच्या मधले. मग पीस उलटे करून पाहावे. बदके व हंस यांच्या उड्डाणपिसांच्या खालच्या अंगास दांड्यालगत एक तुळतुळीत, चकाकणारा पट्टा असतो. त्यानंतर मुळाशी असलेला मऊ कापसासारखा भाग सूक्ष्मदर्शकाखाली धरावा. त्यातील बारीक तंतूंच्या टोकांकडे बदक-हंसांच्या कुळात त्रिकोणी गाठी दिसतात; कबुतरांच्या वा चिमण्यांच्या कुळात त्या निराळ्या असतात. येथवर कूळ ठरले. परंतु पट्टकादंब की त्याचा भाऊबंद कलहंस, हे एकट्या पिसावरून सांगणे पुष्कळ वेळा कठीण जाते. कारण दोघांचीही उड्डाणपिसे राखी, टोकांशी काळी व पांढऱ्या दांड्याची असतात. तेथे संग्रहातील नमुन्याशी लांबी व रंग ताडून पाहावे लागतात, आणि तरीही निश्चय न झाला तर केवळ रानहंस एवढेच लिहून थांबावे लागते. हंस दूध व पाणी वेगळे करतो असे आपण म्हणतो. पिसाच्या बाबतीत तो नीरक्षीरविवेक पाहणाऱ्यानेच दाखवावयाचा असतो.

ही विद्या निव्वळ करमणुकीची नव्हे. १९६० साली अमेरिकेत बॉस्टन येथे एक विमान उड्डाण करताच कोसळून ६२ माणसे दगावली. यंत्रात सापडलेली पिसांची चिंधोटी स्मिथसोनियन संस्थेतील रॉक्सी लेबोर्न या विदुषींनी संग्रहातील पिसांशी ताडून पाहिली, आणि तो साळुंकीच्या कुळातील पक्ष्यांचा थवा होता असे ठरविले. पुढे विमानांची यंत्रे पक्ष्यांचा आघात सोसतील अशी करण्यास या ज्ञानाचा उपयोग झाला.

परंतु संग्रहावर आपण विसंबून राहावे, तर त्यावरील चिठ्ठी खरी पाहिजे. चिठ्ठी खोटी असली तर काय अनर्थ होतो, याचे उदाहरण सलीम अली यांच्या परिचयातच होते. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन हे इंग्रज सेनाधिकारी पक्षिशास्त्रात मोठे प्रमाणपुरुष मानले जात. १९३७ साली सलीम अली त्यांच्यासमवेत अफगाणिस्तानात गेले होते. कर्नलसाहेबांनी आपल्या रोजनिशीत सलीम अली यांच्याविषयी पुष्कळ अनुदार मजकूर लिहून ठेवला. सलीम अली यांनी तो हसून घेतला आणि आपल्या आत्मचरित्रात स्वतःच छापला. कर्नल १९६७ साली वारले. त्यांच्या पश्चात कित्येक वर्षांनी उघडकीस आले, की इतरांनी जमविलेले पक्षी संग्रहालयांतून पळवून त्यांवर स्वतःच्या नावाच्या व खोट्या स्थळांच्या चिठ्ठ्या त्यांनी बांधल्या होत्या. त्यांतच एक रानपिंगळा होता. हा दुर्मिळ पिंगळा १८८४ नंतर कोणास खात्रीपूर्वक मिळाला नव्हता. मात्र आपण १९१४ साली गुजरातेत तो मारला, अशी कर्नलसाहेबांची चिठ्ठी होती. त्या चिठ्ठीवर विश्वासून शोधकांनी भलत्याच ठिकाणी शोध केला. क्ष-किरणांनी व आत भरलेल्या कापसाच्या तपासणीने ठरले, की तो पक्षी वस्तुतः जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात मिळविलेला होता. अमेरिकेच्या पामेला रासमुसेन व त्यांचे सहकारी यांनी ती चिठ्ठी बाजूस सारून जुन्या खऱ्या नोंदींच्या आधारे शोध केला, तेव्हा १९९७ साली शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत आढळला. पुढे आपल्या मेळघाटातही तो सापडला. खोटे बोलणारा मनुष्य मरून गेला, तरी त्याची चिठ्ठी लोकांस फसवीत राहते. आणि खरे लिहिणाऱ्याची चिठ्ठी शंभर वर्षांनंतरही वाट दाखविते.

सलीम अली यांचे उत्तरायुष्य मानसन्मानाचे झाले, तरी श्रम थांबले नाहीत. स्वातंत्र्यप्राप्तीनंतर सोसायटी आर्थिक अडचणीत आली, तेव्हा पंडित जवाहरलाल नेहरूंस लिहून त्यांनी तिला साहाय्य मिळवून दिले. १९५९ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्याचे मोठे कार्य त्यांनी उभारले. परदेशातून येणारे पक्षी रोगाचे जंतू आणतात काय, हाही त्यातील एक प्रश्न होता. अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ डिलन रिप्ले यांच्या सहकार्याने भारत व पाकिस्तान यांतील पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात त्यांनी प्रसिद्ध केला. त्या वेळी त्यांनी सत्तरी ओलांडलेली होती. १९५८ साली पद्मभूषण व १९७६ साली पद्मविभूषण हे बहुमान त्यांस लाभले. त्यांस मिळालेल्या गेटी पारितोषिकाच्या रकमेतून त्यांनी निसर्गरक्षणाचा निधी उभारला. भरतपूरचे पक्षितीर्थ आणि केरळातील सायलेंट व्हॅलीचे अरण्य राखण्यासाठी त्यांनी आपले वजन खर्च केले. ज्यास पदवीअभावी नोकरी नाकारली गेली, त्यास विद्यापीठांनी सन्मानाने डॉक्टर केले. १९८५ साली ते राज्यसभेचे नियुक्त सदस्य झाले. त्याच वर्षी त्यांचे आत्मचरित्र निघाले. त्याचे नाव चिमणीच्या पडण्यावरून ठेवलेले आहे, आणि शुभवर्तमान वाचणाऱ्यांस ते नाव परिचित वाटेल. दिनांक २० जून १९८७ रोजी वयाच्या ९१व्या वर्षी मुंबईत त्यांनी देह ठेविला. आपल्या विदर्भात नवेगाव येथील पक्षी अभयारण्यास त्यांचेच नाव दिलेले आहे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. सलीम अली यांचे अध्ययन एका चिमणीच्या मृत्यूने सुरू झाले आणि नमुन्यांसाठी त्यांनी पुढेही पुष्कळ पक्षी मारले. त्या काळी त्यावाचून मार्ग नव्हता. व्यर्थ हत्या मात्र त्यांस असह्य होई. आज काळ पालटला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्य पक्ष्यास मारणे किंवा पकडणे हा अपराध ठरतो, आणि अनुमतीवाचून त्यांची पिसे साठवून ठेवणेही योग्य नव्हे. शिवाय २००५ साली चीनमधील छिंगहाई सरोवरावर आणि २०२१ च्या आरंभी हिमाचल प्रदेशातील पोंग जलाशयावर पक्ष्यांच्या तापाने शेकडो पट्टकादंब मेले. म्हणून मेलेल्या पक्ष्यास किंवा त्याच्या पिसास उघड्या हाताने स्पर्श करू नये.

विद्यार्थिमित्रहो, तुम्हांस बंदूक नको, पेंढा भरलेले पक्षीही नकोत. एक वही व एक पट्टी पुरे. पीस दिसले तर त्याचे चित्र काढा, लांबी मोजा, कोठे व कोणत्या दिवशी दिसले ते लिहा, आणि पीस तेथेच राहू द्या. नाव ठाऊक नसेल तर जागा कोरी ठेवा व जाणत्यास विचारा. मारुती चितमपल्ली यांनी विदर्भाच्या जंगलांत आयुष्य घालवून तयार केलेला पक्षिकोश पक्ष्यांची आपल्या भाषेतील नावे तुम्हांस सांगेल. वहीतील कोरी जागा पुढे कधी तरी भरता येते. परंतु केवळ शाबासकीसाठी लिहिलेले खोटे नाव मागून येणाऱ्या कित्येकांस आडवाटेस नेते. पक्ष्यांच्या नोंदवहीस जो नियम लागू आहे, तोच परीक्षेच्या उत्तरपत्रिकेस, दुकानाच्या खातेवहीस आणि साऱ्या जीवनास लागू आहे, असे आम्हांस वाटते. आणि पालकांस आमची एवढीच विनंती, की मुलगा वा मुलगी असा प्रश्न घेऊन आली तर अमिरुद्दीन मामांचे स्मरण करावे.